वचन आपल्या तोंडाने

वसईकडच्या ख्रिस्ती घरांत ‘दृढीकरण’ हा शब्द नेहमीचा आहे. तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार होतो तेव्हा आईवडील आणि धर्ममातापिता त्याच्या वतीने श्रद्धेचं वचन देतात. मूल जाणतं झालं की तेच वचन त्याने आपल्या तोंडाने द्यायचं. बिशप त्याच्या कपाळाला अभिषेकाचं तेल लावतात. पूर्वी ते गालावर हलकी चापटही मारत. १९७१च्या सुधारित विधीत ती गेली. हे सांगितल्यावर वर्गात मोठा हशा झाला होता.

वर्ग म्हणजे या संस्काराआधी चर्चमध्ये दर रविवारी भरणारा, नववी-दहावीतल्या मुलामुलींचा. तिथल्या सिस्टरनी मला बोलावलं होतं. धर्म त्या शिकवणार, तो माझा प्रांत नव्हेच. त्या म्हणाल्या, “मुलं शाळेत इंग्रजी, घरी कादोडी बोलतात, आणि विधी आहे पुस्तकी मराठीत. तुम्ही कवी आहात. त्यांना शब्द तरी कळू द्या.”

यांच्या आजी-आजोबांनी लॅटिन मिस्सा ऐकली होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि उपासनेत लोकभाषा आली. मीही लहानपणी मदरशात अरबी पाठ केलं ते अर्थ कळण्याआधीच. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. ओठांवर बसलेलं कधीतरी आत उतरतं. पण वचनाचं तसं नाही. जे कळलंच नाही ते पाळायचं कसं?

फादर स्टीफन्सना हे चारशे वर्षांपूर्वीच उमगलं असावं. १५७९मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट. नवख्रिस्ती लोकांना शिकवायला त्याने मराठी ओवी निवडली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही ‘योगसंग्राम’ ओवीतच रचला. मुलांनी दोघांपैकी एकाचंही नाव ऐकलेलं नव्हतं. शाळेने एवढं तरी सांगायला हवं होतं.

एका रविवारी ‘साक्ष’ हा शब्द निघाला. मुलांना साक्ष ठाऊक होती ती सिनेमातल्या कोर्टाची. मी म्हटलं, आमच्या कलमा-ए-शहादतची सुरुवातच ‘मी साक्ष देतो’ अशी आहे. साक्षीला ऐकीव गोष्ट चालत नाही, स्वतःला पटलेलं असावं लागतं.

मागच्या बाकावरची मुलगी उठली. “वचन तर मम्मी-पप्पांनी दिलंय. मला अजून पटलं नसेल, तर मी ‘नाही’ म्हणू शकते?”

वर्ग चिडीचूप. मी सिस्टरकडे पाहिलं. हे उत्तर मी देण्यासारखं नव्हतं.

“म्हणू शकतेस,” सिस्टर म्हणाल्या. “मनात नसताना ‘होय’ म्हणू नकोस. थांब. पुढच्या वर्षी ये.”

“आणि घरी? पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत. ड्रेस शिवून झालाय.”

“घरी मी येते तुझ्याबरोबर.”

धर्म शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘थांब’ हा शब्द मी फार क्वचित ऐकला आहे. आमच्याकडेही, इतरांकडेही. मुलाच्या ‘होय’ची आपल्याला भारी घाई असते.

सिस्टर त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. आई रडली, वडील दोन दिवस बोलले नाहीत, असं नंतर कळलं. मुलगी मात्र उरलेल्या सगळ्या रविवारी वर्गाला आली, वही घेऊन, त्याच बाकावर. त्या वर्षी बिशपांसमोरच्या रांगेत ती नव्हती. पुढच्या वर्षी होती का, ते मी सिस्टरना विचारलेलं नाही.