डॉक्टर गावात टिकतो कशानं?



संध्याकाळी कामोठ्यात एमजीएम रुग्णालयाच्या रस्त्यावर ॲप्रन हातावर टाकलेली तरुण मुलंमुली घोळक्यानं दिसतात. यातले किती जण पोलादपूर-म्हसळ्याकडच्या गावांत जाऊन राहतील?

असं जाऊन राहिलेल्या एका डॉक्टरची, आपल्याच रायगड जिल्ह्यातली गोष्ट आहे. पळस्प्याहून गोवा महामार्गाला लागलं की पेण, माणगावच्या पुढे महाड येतं. १९७६ साली, जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हा, डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. इथं लाल विंचू चावून धडधाकट माणसं दगावत. विषानं रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्कर हे सारं रुग्णांजवळ थांबून टिपत गेले. पुढे एम.डी. करून ते महाडलाच परतले. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं. १९८६ साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकावर आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या.

आज सरकारी महाविद्यालयातल्या एमबीबीएसना एक वर्षाची सेवा सक्तीची आहे. सरकारी सेवेत दुर्गम भागात राबलेल्यांना पदव्युत्तर प्रवेशात झुकतं माप मिळतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तज्ज्ञ डॉक्टरांना ‘मानधन तुम्ही सांगा’ म्हणण्याचीही सोय आहे. हे सगळं हवंच. पण त्यानं डॉक्टर गावापर्यंत येतो. राहण्याचं कारण वेगळं लागतं. महाडनं बावस्करांपुढे एक प्रश्न ठेवला, जो त्यांना मोठ्या शहरात भेटला नसता. आणि घरातल्या दोघांच्याही विद्येला तिथं काम होतं.

म्हणून मला वाटतं, नवरा-बायको दोघांना एकाच तालुक्यात नेमणूक द्यावी. प्रत्येक आरोग्य केंद्राला, तिथल्याच एखाद्या दुखण्याचा अभ्यास करायला, थोडा निधी आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची साथ मिळावी. सर्पदंश असो की बाळंतिणींचा रक्तक्षय, गावाकडे असे प्रश्न पुष्कळ आहेत.

आणि एक काम आपलं. कामोठ्यातल्या पुष्कळ घरांचं गाव घाटावर नाहीतर कोकणात आहे. यंदा जत्रेला, गणपतीला जाल तेव्हा आरोग्य केंद्रामागच्या डॉक्टरांच्या खोल्या पाहून या. नळाला पाणी येतं का? दाराची कडी नीट लागते का? आपली स्वतःची मुलगी तिथं निर्धास्त राहील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ग्रामसभेत उठून तेवढंच बोला.