नेलगन अडली तर



आम्ही मोहोपाड्याचे सुतार. यंदा वापरलेली, बॅटरीवरची नेलगन घेतली. नेलगन म्हणजे खिळे ठोकायचं यंत्र. ती एक खिळा मारी आणि दोनदा अडे.

तिच्या तोंडाशी एक कडी असते. ती लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. आमचा एक गडी ती कडीच तारेनं बांधू लागला. आम्ही त्याचा हात धरला. "बाबा, काम राहिलं तर उद्या होईल. डोळा गेला तर परत येईल का?"

मग आम्ही आधी बॅटरी काढली. बॅटरी काढल्याशिवाय आत हात घालू नये. अडकलेला वाकडा खिळा पकडीनं ओढला. यंत्रावर १६ गेज लिहिलं होतं. आमचे खिळे १८ गेजचे! गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. बारीक खिळा आत वाकतो न् अडतो. पावसाळ्यात बॅटरीच्या पट्ट्यांवर मळ चढला होता. तो कोरड्या फडक्यानं पुसला. बॅटरी पुरती चार्ज केली. यंत्र नीट चालू लागलं.

एवढं करूनही यंत्र लवकर दमलं, तर बॅटरी म्हातारी झाली असं समजावं.

मंडळी, जुनं यंत्र घेताना फळीवर दहा-वीस खिळे मारून पाहा. त्यावरची अक्षरं वाचा. मगच पैसे मोजा.