दाखला आणि पाढे



पाचवीत मी आजोळी राहायला आलो. मार्वेहून बोटीने खाडी ओलांडली आणि दाखला घेऊन आपल्या शाळेत उभा राहिलो. बाईंनी दाखला टेबलावर ठेवला आणि पाढे म्हणायला लावले. मी बारावर अडकलो. बाईंनी मला चौथीत बसवलं नाही. पुढचे पाढे मधल्या सुट्टीत करून घेतले.

आज मी शारीरिक शिक्षणाच्या पदवीला शिकवतो. २०२१पासून यूजीसीच्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे सहभागी महाविद्यालयांतले श्रेयांक विद्यार्थ्यासोबत जातात. थिअरीचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. पण तास मोजले म्हणजे हात बसला असं नाही.

एक मुलगा असाच दुसरीकडून आला. प्रथमोपचाराचे श्रेयांक पूर्ण होते, मी सही केली. पुढे मैदानात एकीचा घोटा मुरगळला, तर हा क्रेप बँडेज वरून खाली गुंडाळू लागला! चूक माझी, मी कागद पाहिला, हात पाहिला नाही.

आता नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात बँडेज बांधायला लावतो. येतं ते पुन्हा शिकवत नाही. अडतं तेवढं करून घेतो. वर्ष वाया जात नाही.

बाई, ही पद्धत तुमचीच.