परक्या शहराचा उंबरठा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना यशाची गाथा सांगावी, असा संकेत आहे. मी मात्र माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे. कारण आपल्यापैकी काही जण लवकरच परदेशी विद्यापीठांत शिकायला जाणार आहेत.

काही वर्षांपूर्वी आपली एक विद्यार्थिनी लंडनला निघाली. निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला म्हटले, "शाळेचे नाव राख. डोळ्यांत पाणी आणू नकोस." दीड वर्षाने ती भेटली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचे ते शब्द मला फार जड झाले."

तिथे खोली भाड्याने घ्यायची तर घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागे. तो ती आणणार कुठून? पहिले काही आठवडे ओळखीच्यांच्या बैठकीच्या खोलीत, बॅग न उघडता गेले. वर्गात प्राध्यापक मतभेदाची अपेक्षा करीत. ही मात्र बोलण्याची परवानगी मिळण्याची वाट पाहत बसे. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजत आलेले असतात. त्या अंधारात ती आईला फोन करी आणि सांगे, "सगळे छान आहे." शाळेचे नाव राखायचे होते ना!

मग ती तापाने फणफणली. व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचा अधिभार तिने भरला होता; तरी जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवले की डॉक्टरकडे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, हे तिला ठाऊक नव्हते. शेजारच्या खोलीतल्या नायजेरियन मुलीने तिला तिथे नेले. परतताना त्या मुलीने विचारले, "इतके दिवस बोलली का नाहीस?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते, विद्यार्थ्यांनो. तिला गप्प राहायला मीच शिकवले होते.

बरी झाल्यावर ती विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात गेली. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो आणि घराची अनामत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवण्याचे बंधन मालकावर असते, ही माहिती तिला तिथे मिळाली. भुयारी रेल्वेपेक्षा बस स्वस्त, म्हणून दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बसून तिने लंडन पाहिले. १९३२ साली स्थापन झालेल्या तिथल्या महाराष्ट्र मंडळात ती एका रविवारी गेली आणि खूप दिवसांनी मनमोकळे मराठी बोलली. शहर तेच होते. फक्त तिने मदत मागायला सुरुवात केली होती.

आपल्या थोर पूर्वसूरींनीही हेच केले. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या, तेव्हा त्यांच्यामागे कार्पेंटरबाईंशी पत्रांतून जुळलेला स्नेह उभा होता. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिथे नवल भथेना यांच्याशी झालेली मैत्री आयुष्यभर टिकली आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला जाताना बाबासाहेबांनी याच मित्राकडून कर्ज घेतले. ज्यांच्या विद्वत्तेपुढे जग नमते, त्यांनाही मित्रापुढे हात पसरण्यात कमीपणा वाटला नाही.

मराठी माध्यमातून शिकलेली मुले परदेशी कशी टिकतील, असे पालक मला विचारतात. मी त्यांना आपल्याच हैदराबादकडे पाहायला सांगते. आपली मुले घरी मराठी बोलतात, उंबरठा ओलांडला की तेलुगू, आणि सुलतान बाजारात घासाघीस करतात ती दखनीत. परक्या भाषेच्या शहरात आपले घर करणे हा आपल्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला अभ्यास आहे. ही शाळा तरी काय आहे? या शहरात नव्याने आलेल्यांनी एकमेकांची मदत मागून उभी केलेली वास्तू!

म्हणून जाणाऱ्यांना माझे सांगणे थोडेच आहे. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नाव नोंदवा. घर पाहिल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका. वर्गात पहिल्या पंधरवड्यात एक तरी प्रश्न विचारा. इंग्रजी अडखळले तरी चालेल. आणि घरी खरे सांगा. पालकांनो, ते खरे ऐकण्याची तयारी आपण ठेवू या. "परत ये" किंवा "सहन कर" यांपैकी काहीही लगेच म्हणू नका. आधी नुसते ऐका.

त्या मुलीला दिलेला निरोप मी आज आपल्या सर्वांसमोर मागे घेते. नवा निरोप असा: डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या, पण दार बंद करून बसू नका. शेजारचे दार ठोठवा. आणि उद्या कुणी नवखा तुमचे दार ठोठावील, तेव्हा ते उघडा. शाळेचे नाव त्यातच राहील.