पहिलीचे मूल आणि धानकापणीचे दिवस
(सिंदेवाही येथे वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



धम्मावर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते आज व्यासपीठावर आहेत. आम्ही शिक्षक माणसे. म्हणून आम्ही एका लहानशा विषयावर चार शब्द बोलणार आहोत. तो विषय म्हणजे आपल्या घरातले, यंदा पहिलीत बसलेले मूल.

विदर्भात उन्हामुळे शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पहिले काही आठवडे मुलाचे रडण्यात आणि रुळण्यात जातात. त्यातच रोवणी येते आणि आई-वडील दिवसभर बांधीतल्या चिखलात असतात. श्रावण-भाद्रपदात अक्षरांची तोंडओळख होते. पुढे आश्विन लागतो, धान निसवू लागते, आणि मुलाच्या मनातही काहीतरी निसवू लागते. कालपर्यंत सुटी सुटी असलेली अक्षरे जुळू लागतात. आम्ही फळ्यावर 'धन' लिहितो. मुले वाचतात. मग 'ध'ला एक काना देतो. क्षणभर वर्ग गप्प असतो आणि मागून एखादा आवाज येतो, "धान!" शाळेच्या कुंपणापलीकडे उभे असलेले पीक त्या मुलाने फळ्यावर ओळखलेले असते. शिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठा सण नाही.

गणिताचेही तसेच आहे. दहा काड्यांची जुडी बांधली की एक दशक होते, हे आपल्या मुलांना फार समजावून सांगावे लागत नाही. घरी पेंढ्या बांधताना त्यांनी पाहिलेले असते. पुस्तकातले 'पाणी' आमचे मूल 'पानी' असे वाचते, कारण झाडीबोलीत आपण तसेच बोलतो. त्याला हसू नये. त्याची बोली चुकीची नाही. पुस्तकाची भाषा त्याला आणखी एक म्हणून शिकायची आहे.

परंतु बंधूंनो आणि भगिनींनो, नेमके याच दिवसांत शिकण्याचा धागा तुटतो. अशोक विजयादशमीला आपण नागपूरच्या दीक्षाभूमीवर जातो, १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला जातो. जायलाच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांनी जी दीक्षा दिली, तिच्यामुळे आपण आज मान वर करून उभे आहोत. मग दिवाळीची सुट्टी लागते. सुट्टी संपते तेव्हा धानाची कापणी आणि बांधणी जोरात असते. गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटके होतात. झाडीपट्टीच्या नाटकांचा आम्हालाही अभिमान आहे, पण मंडईच्या दुसऱ्या दिवशी पहिलीचा वर्ग अर्धा रिकामा असतो. दोन दिवसांचे चार होतात, चारांचे पंधरा होतात. पऱ्हे उपटून ठेवले आणि रोवणी लांबली, तर त्याचे काय होते हे आपणाला सांगावयास नको. जुळू लागलेल्या अक्षरांचे तेच होते.

यात आम्ही कुणा आईला दोष देत नाही. कापणीच्या मजुरीवर वर्षाचे गणित असते. आमच्या या जंगलपट्टीत वाघाची भीती खरी आहे. लहान मुलाला एकटे घरी ठेवावे किंवा एकटे शाळेच्या वाटेने पाठवावे, असे कोण म्हणेल? म्हणून माय त्याला सोबत बांधीवर नेते. हा प्रश्न एका घराचा नाही, आपल्या सर्वांचा आहे. त्याचे उत्तरही सर्वांनी मिळून दिले पाहिजे.

अशाच दिवाळीच्या सुमारास, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव नोंदले गेले. ते नाव होते भिवा रामजी आंबेडकर. त्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे. बसावयाचे तरट रोज घरी न्यावे आणि रोज परत आणावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. तरीही ते तरट दुसऱ्या दिवशी शाळेत परत येत होते. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. आमच्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोठा बोध हाच आहे की, मूल दुसऱ्या दिवशी शाळेत परत आले पाहिजे.

शाळेत या ऋतूत उत्सव पुष्कळ असतात. २ ऑक्टोबरची गांधी जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन असतो. २८ नोव्हेंबरला महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन येतो. मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे केली होती. या सर्व कार्यक्रमांत भाषणे मोठी मुले करतात आणि पहिलीची मुले सतरंजीवर बसून टाळ्या वाजवितात. हे आपण बदलू शकतो.

म्हणून संस्थेपुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. पहिली, दीक्षाभूमीवरून येताना आपण पुस्तके आणतोच, त्यांत एक पुस्तक मोठ्या अक्षरांचे, पहिलीच्या मुलासाठी असावे. दुसरी, कापणीच्या दिवसांत विहारात रोज एक तास वाचनाचा ठेवावा. अंधार पडण्यापूर्वी तो संपावा आणि मुलांना घरापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी वॉर्डातील तरुणांनी घ्यावी. येथे बसलेल्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हा तास घ्यावा. सकाळी शाळेच्या वाटेनेही हीच सोबत मिळाली, तर किती तरी मुले बांधीऐवजी वर्गात बसतील. तिसरी, ७ नोव्हेंबरला विहारात पहिलीच्या प्रत्येक मुलाने फळ्यावर स्वतःचे पूर्ण नाव लिहावे आणि सर्वांसमोर वाचावे. तो दिवस सुट्टीत आला तरी विहाराला सुट्टी नसते.

ज्या आजीला कधी शाळेत बसू दिले गेले नाही, तिच्यासमोर तिचा नातू आपले नाव वाचून दाखवील. त्या दिवशी आपणाला वेगळे भाषण करावे लागणार नाही. धानाची एक लोंबीही बांधीत पडून राहू नये म्हणून आपण वाकून वाकून वेचतो. तेवढ्याच काळजीने आपले एकेक मूल वेचून शाळेत परत आणू या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!