कातडीखालची गोळी आणि काढलेली पिशवी



कातडीखाली ठेवायच्या हार्मोनच्या गोळीबद्दल अलीकडे मला वरचेवर विचारलं जातं. विचारणाऱ्या बहुतेक जणी वडखळ, पेण, रोहा या पट्ट्यातल्या, पंचेचाळिशीच्या आगेमागे असलेल्या. कुणी मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते, कुणाला मुंबईच्या नणंदेनं सांगितलेलं असतं. तांदळाच्या दाण्याएवढी ही गोळी. कमरेखालची जागा बधिर करून बारीकशी चीर देतात, गोळी आत सरकवतात आणि पुढे तीन ते सहा महिने औषध आपोआप रक्तात उतरत राहतं. रोज आठवणीनं काही घ्यायला नको. ही गोळी मुळात कोणासाठी निघाली हे मात्र जाहिरात सांगत नाही.

इस्ट्रोजेन गटातलं पहिलं हार्मोन शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये वेगळं काढलं. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९३८ मध्ये, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बिशप यांनी एका तरुण स्त्रीच्या कातडीखाली अशी गोळी ठेवली. शस्त्रक्रियेत तिचे दोन्ही बीजांडकोश काढावे लागले होते. ऐन तारुण्यात तिच्या अंगातलं इस्ट्रोजेन संपलं होतं, आणि ते तिला परत द्यायचं होतं. वय लपवण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

आता आपल्या महाराष्ट्रात या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड, फडात ना आडोसा ना पाणी. पाळी हीच अडचण ठरली. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं की ती घाबरून कर्ज काढून ऑपरेशन करून घेई.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोश हार्मोन तयार करत राहतात, मात्र ते पुढे काही वर्षं लवकर थकू शकतात. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर हार्मोनचा पुरवठा दोन-चार दिवसांत तुटतो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. बत्तिसाव्या वर्षी बीजांडकोश गेले, तर शरीराची चौदा-पंधरा वर्षं हिरावली गेली. अंगातून वाफा, झोप उडणं, चिडचिड हे तर लगेच सुरू होतंच, पण हाडं झिजायला लागतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो, हे बाहेरून कुणाला दिसत नाही. अशा बाईला, स्तनाचा कॅन्सर किंवा तसंच दुसरं कारण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असं वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगतं. त्यासाठी साधी गोळी किंवा कातडीवर लावायचं जेल पुरतं. मला राग येतो तो याचा की जिला हे औषध सर्वांत जास्त हवं, तिला ते असतं हेसुद्धा कुणी सांगत नाही. आणि जिच्या हातात पैसे आहेत, तिला चिरतारुण्याच्या नावाखाली तेच विकलं जातं.

आपल्या पेण-वडखळच्या खारेपाटातली बाई ऊस तोडायला जात नाही. पण भातलावणीला ती दिवसभर चिखलात वाकलेली असते, उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडा घेऊन धावते, आणि आषाढ-श्रावणात पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत रात्र रात्र रंगकामाला बसते. दुखणं अंगावर काढायची सवय तिलाही आहे, आणि ती काही एकट्या आपल्या भागातली नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्यांतले बरेचसे आजार औषधांनी बरे होणारे होते.

आता त्या कातडीखालच्या गोळीकडे वळू. माझा तिच्याबद्दलचा पहिला आक्षेप असा, की एकदा आत गेलेली गोळी सहज काढता येत नाही. हार्मोनचं औषध कमीत कमी मात्रेत सुरू करून, त्रास बघत कमी-जास्त करायचं असतं. तोंडी गोळी सोसली नाही तर उद्या बंद करता येते. इथं स्तन दुखू लागले, अंगावरून जायला लागलं, तरी महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. शिवाय जिची पिशवी शाबूत आहे, तिला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर पिशवीचं अस्तर जाड होतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. तिला जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं.

कातडीखालच्या या गोळ्यांत पुष्कळदा पुरुषांचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, असतं. त्याची मात्रा जास्त झाली तर चेहऱ्यावर केस येतात, डोक्यावरचे गळतात, आवाज घोगरा होतो, आणि तो आवाज पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी मिळून एक निवेदन काढलं. स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन द्यायचं एकच कारण त्यांनी मान्य केलं, पाळी गेल्यानंतर कामेच्छा मावळून मनाला त्रास होणं, आणि त्यासाठीही अशा गोळ्या वापरू नयेत असं सांगितलं. अमेरिकेत या गोळ्यांचा बाजार मोठा आहे, पण तिथल्या औषध प्रशासनानं मंजूर केलेली टेस्टोस्टेरॉनची गोळी आहे ती पुरुषांसाठी, १९७२ पासूनची. स्त्रियांसाठी मंजूर केलेली अशी एकही गोळी नाही.

पुरुषांचंही थोडक्यात सांगते. त्यांचं टेस्टोस्टेरॉन वयाप्रमाणे हळूहळू उतरतं, बाईसारखं एकदम कोसळत नाही. थकवा आला म्हणून हार्मोन घेण्याआधी साखर, वजन, झोप आणि दारू यांच्याकडे बघा, आणि सकाळच्या रक्ताची तपासणी दोन वेगवेगळ्या दिवशी करून घ्या.

याचा अर्थ हार्मोनला घाबरावं असा मुळीच नाही. २००२ मध्ये अमेरिकेतला १६,६०८ स्त्रियांवरचा हार्मोनचा मोठा प्रयोग मध्येच थांबवला, तेव्हा जगभर भीती पसरली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या आठ केसेस जास्त आढळल्या होत्या. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, खरोखर त्रास होणाऱ्या बाईला योग्य तपासणीनंतर हार्मोन दिले तर बहुतेकींना फायदाच जास्त होतो, हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं. लघवीची जळजळ आणि कोरडेपणा एवढाच त्रास असेल तर आत लावायचं साधं क्रीम पुरेसं असतं. लाजेपोटी हे बोललं जात नाही आणि नवऱ्याबायकोत उगाच अबोला येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून ताई, काकू, पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात जा किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात, पण जा. रक्तदाब, साखर, स्तनांची तपासणी, सोनोग्राफी करून घ्या. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. आणि जिची पिशवी काढलेली आहे तिनं घरी जाऊन ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधावं. बीजांडकोश ठेवले आहेत की काढले आहेत, ते त्यावर लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या. कार्ड हरवलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, सोनोग्राफी आणि रक्ताच्या एका तपासणीवरून बराच अंदाज येतो. बीजांडकोश काढलेले असतील आणि तुमचं वय अजून पंचेचाळीसच्या आत असेल, तर हार्मोनच्या उपचाराबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा.