आजच्यापुरती भाकर

ख्रिस्तानें आपल्या शिष्यांना शिकविलेली प्रार्थना अगदीं लहान आहे. लहान मुलालाहि ती दोनचार दिवसांत पाठ होते, आणि ख्रिस्ती घरांतून ती रोज म्हटली जाते. या प्रार्थनेंत पोटासाठीं एकच मागणें आहे, व तेंहि एका दिवसापुरतें. वर्षाचें धान्य, म्हातारपणची पुंजी, मुलांच्या शिक्षणाची तरतूद, यांपैकीं कशाचाहि तेथें उल्लेख नाहीं. फक्त आजच्यापुरती भाकर मागितली आहे. घरांत महिन्याचा किराणा भरलेला असतांना माणसें ते शब्द उच्चारतात आणि पुढें जातात. परंतु जरा थांबून विचार केला तर ध्यानांत येतें कीं, देवावर भरंवसा ठेवणें म्हणजे काय याचें सारें मर्म त्या एका दिवसाच्या मर्यादेंत सांठविलेलें आहे.

याच अर्थाची एक जुनी कथा पवित्र शास्त्रांत आहे. मिसर देशांतील दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक अरण्यांतून चालले असतां त्यांना अन्न मिळेना. तेव्हां देवानें त्यांना मान्ना दिला. तो रोज पहांटे दंवाबरोबर भूमीवर पडे, आणि प्रत्येकानें आपल्या घरच्या माणसांपुरता गोळा करावा अशी आज्ञा होती. कांहीं जणांनीं उद्यांच्या धास्तीनें तो रात्रभर ठेवून पाहिला. सकाळीं त्यांत किडे पडून त्याला दुर्गंधि सुटली. या कथेंतील दोन गोष्टी सहसा नजरेआड होतात. पहिली ही कीं, मान्ना कोणाच्या तोंडांत येऊन पडत नसे; ऊन तापण्यापूर्वीं उठून तो वांकून वेंचावा लागे. दुसरी ही कीं, शब्बाथाच्या आदल्या दिवशीं दुप्पट गोळा करावा असें देवानेंच सांगितलें होतें, आणि त्या दिवशींचा सांठा नासत नसे. म्हणजे कष्ट करूं नका असें देव सांगत नाहीं, आणि तरतूद करूं नका असेंहि सांगत नाहीं. नासतो तो भीतीपोटीं केलेला सांठा.

भरंवशाविषयीं दोन गैरसमज लोकांत फार दृढ आहेत. एक म्हणजे, असेल माझा हरि तर देईल खाटल्यावरी, असें म्हणून हातपाय आंखडून बसण्याचा. दुसरा याहून सूक्ष्म आहे. माणूस देवाशीं मनांतल्या मनांत सौदा करतो: आपण उपासना नियमानें करावी, त्याच्या मोबदल्यांत देवानें आपलें घर, आपलीं मुलें, आपली नोकरी सुरक्षित ठेवावी. या सौद्यांत कोठें उणें पडलें कीं त्याचा विश्वास डळमळूं लागतो. हे दोन्ही समज ज्यांच्या आयुष्यानें खोटे ठरविले, अशा एका बाईंचें नांव महाराष्ट्राला सुपरिचित आहे. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवूं नये या रूढीला न जुमानतां त्यांनीं आपल्या पत्नीला शिकविलें, आणि त्या मातेनें रमाबाईंना शिकविलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडे व त्यावरच निर्वाह करी. १८७० नंतरच्या दशकांत दक्षिणेंत दुष्काळ पडला आणि त्यांची अन्नान्न दशा झाली. त्या घरांत भक्तीची उणीव मुळींच नव्हती; जवळ होतें तें द्रव्य त्यांनीं देवकार्यांत आणि दानधर्मांत वेंचलें होतें. परंतु अंगमेहनतीचें काम कोणालाच येत नव्हतें, आणि भीक मागण्यास मन धजत नव्हतें. थोड्या महिन्यांच्या अंतरानें वडील, आई व थोरली बहीण हीं तिघेंहि गेलीं. मरतांना अनंतशास्त्र्यांनीं या धाकट्या मुलीला जवळ घेतलें, आपण तिला देवाच्या हातीं सोंपवीत आहों असें सांगितलें, आणि सन्मार्गानें चालून त्याचीच सेवा करण्याचा उपदेश केला. रमाबाईंनीं ही गोष्ट आपल्या आत्मनिवेदनांत मोठ्या आदरानें नमूद केली आहे. पुढें धर्म बदलला, तरी पित्याचा हा शेवटचा शब्द कन्येनें कधीं मोडला नाहीं.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला, आणि १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी वारले. पदरीं लहानगी मनोरमा घेऊन त्या विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकावी असा बेत होता. पण ऐकूं कमी येत असल्यामुळें तो सोडावा लागला. तेथेंच २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज या गांवीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मात्र येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षें आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताची ओळख पटली नव्हती, अशा अर्थाची कबुली त्यांनीं स्वतःच पुढें दिली आहे. एखादें मत बुद्धीला पटणें ही एक गोष्ट. त्या मतावर आपला सारा भार टाकणें ही दुसरी. पोहण्याचें पुस्तक वाचणाऱ्याला आणि पाण्यांत उडी घेणाऱ्याला पाणी सारखेंच ठाऊक नसतें.

ही उडी घेण्याची वेळ १८९६ सालीं आली. तत्पूर्वीं, ११ मार्च १८८९ रोजीं, रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन काढलें होतें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें होतें. अमेरिकेंतील मित्रमंडळींनीं दहा वर्षें मदत करण्याचें वचन दिलें होतें. म्हणजे खर्चाची एक ठराविक वाट होती. मध्यंतरीं पुण्यांत मोठें वादळ उठून पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली सदनांतून काढून नेल्या, तरी संस्था उभी राहिली. अशा स्थितींत मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडल्याची बातमी आली. आपल्या संस्थेपुरतें पाहावें, एवढें कारण रमाबाईंना पुरेसें होतें. पण ज्यांनीं स्वतः भुकेनें आईबाप गमावले होते त्यांना तें कारण पुरलें नाहीं. त्या मध्यप्रांतांत गेल्या, अनाथ मुली पाहिल्या, आणि सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या.

एवढ्या मुलींना ठेवावें कोठें? त्याच वेळीं पुण्यांत प्लेगचे निर्बंध सुरू झाले, आणि मुलींना शहराबाहेर काढणें भाग पडलें. पुण्याच्या पूर्वेस रेल्वेच्या रस्त्यावर केडगांव येथें रमाबाईंनीं जमीन घेऊन ठेवली होती. पण तेथें पुरेशीं घरें नव्हतीं. तेव्हां झोंपड्या उभारून मुलींची सोय केली गेली. त्यांतूनच १८९८ सालीं मुक्तिसदन आकाराला आलें. अमेरिकन मंडळींच्या वचनाचीं दहा वर्षेंहि याच सुमारास संपलीं. म्हणजे माणसें वाढलीं त्याच वेळीं ठराविक मदतीची मुदत भरली. आणि १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां रमाबाईंनीं आणखी मुली आणविल्या. आश्रमांतील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

त्या काळांत केडगांवीं रोज प्रार्थना होत असे, आणि रोज विहिरीहि खणल्या जात असत. शेतें, गाईगुरें, हातमाग, तेलाचे घाणे, शिवणकाम, छापखाना, असें नानाप्रकारचें काम तेथें चालत असे. आंधळ्या मुलींना उठावाच्या अक्षरांनीं वाचावयास व हातांनीं विणावयास शिकवीत. प्रत्येक मुलीच्या हातीं कांहींतरी कला यावी असा बाईंचा कटाक्ष होता. आपल्या घरीं भक्ति होती, विद्या होती, पण हाताला काम येत नव्हतें म्हणून काय झालें, हें त्यांनीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. म्हणून देवावर भरंवसा ठेवणाऱ्या या आश्रमांत खाटल्यावर बसलेलें कोणी नव्हतें.

आतां दुसऱ्या समजाचें पाहूं. रमाबाईंनीं देवाची इतकी सेवा केली. त्याचा मोबदला त्यांना मिळाला काय? मनोरमा आईच्या हाताखालीं तयार झाली होती, पुढें तीच सारा कारभार सांभाळील अशी आशा होती. २४ जुलै १९२१ रोजीं ती आईच्या आधीं गेली. देवानें आपल्याला फसविलें असें म्हणावयाचें असतें तर याहून मोठें निमित्त कोणतें? पण रमाबाईंचें काम थांबलें नाहीं. साध्यासुध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या, आणि कित्येक वर्षें त्या कामांत गढल्या होत्या. मनोरमेच्या मृत्यूनंतरहि तें काम पुढें चालूच राहिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. देवाशीं सौदा केलेल्या माणसाला ते शेवटचे महिने असे काढतां आले नसते.

रमाबाई थोर होत्या, त्यांची गोष्ट निराळी, असें कोणी म्हणेल. म्हणून एका साध्या गृहिणीचें उदाहरण घ्यावें. ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथामुळें लक्ष्मीबाई टिळक मराठी वाचकांच्या घरोघरीं पोंचल्या आहेत. त्यांचे पति, कवि नारायण वामन टिळक, यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो घाला वाटला. कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या पतीजवळ राहूं लागल्या तरी सोंवळेंओंवळें सुटेना. तें सुटलें तें कोणाच्या जुलमानें नव्हे. माणसामाणसांतील भेद देवानें केले असतील काय, असा प्रश्न त्यांनीं स्वतःशीं केला, आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हां मागें पाहिलें नाहीं. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातांत पैसा टिकत नसे. दारीं आलेला विन्मुख जात नसे. १९१७ सालीं तर त्यांनीं मिशनचें वेतनहि सोडलें. अशा पुरुषाचा संसार चालविणें म्हणजे आजच्यापुरती भाकर या मागण्याचा अर्थ रोज नव्यानें शिकणें. लक्ष्मीबाई कुरकुरल्या, भांडल्या, रडल्या. आणि हें सारें त्यांनीं हंसत हंसत लिहूनहि ठेवलें. भरंवसा म्हणजे गंभीर चेहरा करून सारें गिळणें नव्हे, हें त्यांच्याइतकें मोकळेपणानें मराठींत क्वचितच कोणी सांगितलें असेल. टिळक १९१९ सालीं वारले. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें काव्य अपुरें राहिलें होतें. शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या या बाईंनीं त्याचा फार मोठा भाग पुढें लिहिला.

दुष्काळ आणि प्लेग प्रत्येकाच्या वांट्याला येत नाहींत. पण उद्यांची भीति मात्र प्रत्येक घरांत वावरत असते, आणि ती माणसाकडून काय काय करवून घेते हें पाहण्यासारखें आहे. दुकानदाराचें वजन थोडें हलकें होतें. त्याला वाटतें, यंदा धंदा मंद आहे. कचेरींतला सज्जन गृहस्थ टेबलाखालून आलेलें पाकीट परत करीत नाहीं. त्याच्या डोळ्यांपुढें मुलीचें लग्न असतें. परीक्षेंत मुलानें नक्कल केली हें कळूनहि बाप गप्प राहतो. मोलकरीण आजारी पडली तर तिचा दिवसाचा पगार कापतांना मालकिणीचा हात अडत नाहीं, कारण महिनाअखेर जवळ आलेली असते. हीं माणसें दुष्ट नसतात. अप्रामाणिकपणाच्या मुळाशीं लोभ असतो असें आपण म्हणतों. पण खणून पाहिलें तर बहुधा भीति सांपडते. उद्यां आपलें कसें होईल या धाकानें माणूस आज वांकडें पाऊल टाकतो.

मराठी भाषेनें या ठिकाणीं एक मोठी गोष्ट सहज सांगून ठेविली आहे. जो दुसऱ्यावर भरंवसा टाकतो तो विश्वास ठेवतो, आणि ज्याच्यावर दुसऱ्यानें भरंवसा टाकावा तो विश्वासू. शब्द एकाच मुळाचे आहेत. उद्यांचा भार ज्यानें देवावर सोंपविला, त्याचे हात आजचें वजन पुरें करावयास मोकळे होतात. देवावर विश्वास असल्याची खूण देवळांत किती वेळ बसलों यावरून कळत नाहीं. शेजाऱ्यानें, गिऱ्हाइकानें, मोलकरणीनें आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असें वागणें घडतें काय, यावरून कळते.

यासाठीं मोठे संकल्प करण्याची आवश्यकता नाहीं. मोठे संकल्प हेहि उद्यांचेच असतात. सकाळीं उठल्यावर आजच्या दिवसाचें बळ मागावें, आणि तें आजच खर्च करावें. एखादें देणें थकलें असेल तें आज द्यावें. एखाद्याशीं अबोला असेल तो आज सोडावा. घरांत दुखणाइत असेल तर वर्षभर हें कसें निभणार हा विचार दूर ठेवून आजचें औषध, आजचें अंथरूण, आजचा गोड शब्द एवढें करावें. विम्याचा हप्ता भरण्यास किंवा पुंजी सांठविण्यास हरकत नाहीं. शब्बाथाच्या आदल्या दिवशींचा सांठा देवाच्याच आज्ञेंतला होता. मात्र त्या सांठ्यासाठीं कोणाच्या पानांतली भाकर उचललेली नसावी.

केडगांवचें मुक्तिसदन आजहि चालूं आहे. ज्या बाईंनीं तें उभारलें त्यांना पुढच्या वर्षाची शाश्वति कधींच मिळाली नाहीं. त्यांना एकेक दिवस मिळाला, आणि त्या दिवसांत दारीं आलेल्या मुलींना त्यांनीं जेवूं घातलें.